आधी बघ, मग ऐक

'जेनेसिस' या इंग्रज बँडचं 'सपर्स रेडी' नावाचं एक गाणं आहे. ते साधारण २३ मिनिटं चालतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पार गोंधळून गेले. चाल हाताशी आली असं वाटेपर्यंत ती निसटायची. गिटारच्या तारांवर काहीतरी हळुवार चाललेलं असायचं आणि एकदम पलटणीच्या संचलनासारखा ताल सुरू व्हायचा. मग मधेच गाणारा वेगळ्याच, पोरकट आवाजात गायला लागायचा, जणू दुसरंच पात्र शिरलंय. एक शांतता आली, वाटलं संपलं, तर पुढे अजून निम्मं गाणं शिल्लक होतं. सम येईल आणि तिथे आपण मान हलवू, म्हणून मी वाट बघत बसले. सम काही येईना.

मी सांगलीची. घरात नाट्यसंगीत. वडील हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे, त्यामुळे गाणं म्हणजे काय हे मला न शिकवताच कळत होतं. म्हणजे निदान आपल्याकडचं गाणं. रॉक मात्र आयुष्यभर शेजारच्या खोलीतून आलं. आधी वसतिगृहात, मग बहिणीच्या घरी, आणि आता भाच्याच्या खोलीतून. तो पुण्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी मित्रांबरोबर बेस गिटार वाजवतो. रॉक हे त्याचं दैवत एवढं मोठं का आहे ते मला कळून घ्यायचं होतं. त्यानं हौसेनं याद्या करून दिल्या. मी मन लावून ऐकल्या. बरंचसं डोक्यावरून गेलं. शेवटी एकदा तो म्हणाला, "मावशी, तू चुकीच्या दारानं शिरतेयस. आधी बघ, मग ऐक."

त्यानं पहिल्यांदा लावून दिली ती १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये शेपर्टन स्टुडिओत झालेल्या जेनेसिसच्या कार्यक्रमाची फिल्म. मंचावर पांढरे पडदे सोडलेले. वाद्यं वाजवणारे जवळजवळ स्थिर. दोन गिटारवाले तर खाली मान घालून बसलेले, एखाद्या परीक्षेला बसावं तसे. आणि मधे पीटर गॅब्रिएल. डोक्याला वटवाघळाचे पंख, अंगावर झूल, डोळ्यांभोवती अंधारात चमकणारा रंग. मागे टोनी बँक्सचे मेलोट्रॉनचे जडशीळ स्वर चाललेले. मेलोट्रॉन हे पट्टीगणिक ध्वनिफीत वाजवणारं यंत्र, पण त्याच्या आवाजात मला आमच्या ऑर्गनचा भरदारपणा लगेच ओळखू आला. ओळखीचं असं काहीतरी पहिल्यांदाच हाती लागलं होतं.

पुढे 'द म्युझिकल बॉक्स' आलं. गाण्याच्या शेवटी गॅब्रिएल जख्ख म्हाताऱ्याचा मुखवटा चढवून येतो आणि वाकलेल्या अंगानं, थरथरत, आयुष्यभर दाबलेली वासना गातो. तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. तो विद्रूप चेहरा बघून मला त्या गाण्यातला आक्रोश कळला. नुसता ऐकताना तो मला आरडाओरडा वाटला होता. 'सपर्स रेडी'मध्ये तर तो फूल होतो, डोक्याभोवती पाकळ्या लावून. मग कसलंसं भयंकर शिरस्त्राण घालून येतो. शेवटी सगळं उतरवून स्वच्छ, उजळ वेशात उभा राहतो. म्हणजे त्या २३ मिनिटांत जे तुकडे मला विस्कळीत वाटत होते ते प्रवेश होते. प्रवेश बदलतोय, पात्र बदलतंय, म्हणून चाल बदलतेय. एवढं कळल्यावर मी ते गाणं पुन्हा नुसतं ऐकलं. त्यातल्या एका भागात ताल नऊ मात्रांचा आहे आणि ऑर्गन मात्र त्यावरून चाराच्या हिशेबानं निघून जातो. बोटांवर नऊ मोजत बसले तेव्हा सम सापडली. ती सापडल्याचा आनंद मला अजून आठवतो.

गाण्यांच्या मधे गॅब्रिएल गोष्टी सांगतो. विचित्र गोष्टी, निर्विकार चेहऱ्यानं. मला ती लहर वाटली होती. भाच्यानं सांगितलेलं कारण ऐकून मी थक्क झाले. या बँडमध्ये बारा तारांच्या गिटारी होत्या. प्रत्येक गाण्यानंतर त्या पुन्हा लावाव्या लागायच्या, आणि तोवर प्रेक्षागृहात नुसती टुणटुण चालायची. तेवढा वेळ कुणीतरी लोकांना धरून ठेवणं भाग होतं. गायकाला तारा लावायच्या नव्हत्या, म्हणून ते त्याच्या वाट्याला आलं. गोष्टी वाढत गेल्या, गोष्टींना सोंगं आली. १९७२ मध्ये डब्लिनच्या कार्यक्रमात तो मधेच विंगेत गेला आणि बायकोचा लाल झगा आणि डोक्यावर कोल्ह्याचं मुंडकं घालून परत आला. बँडमधल्या कुणालाही त्यानं आधी सांगितलं नव्हतं. तो कोल्हा त्यांच्या 'फॉक्सट्रॉट' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरचा.

तो झगा बघून लोक हादरले, असं सगळीकडे लिहिलेलं आढळतं. मला त्यात हादरण्यासारखं काही दिसलं नाही. ज्या घरात बालगंधर्वांच्या शालूच्या नेसणीची चर्चा त्यांच्या तानांइतकीच बारकाईनं होते, तिथल्या माणसाला पुरुषानं बायकी वेश करणं नवं कसं वाटेल? मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढी मोठी नाट्यपरंपरा तारा लावायला लागणाऱ्या वेळातून सुरू झाली!

मग मी हीच गोष्ट दुसरीकडे शोधायला लागले. जिथे जिथे मला रॉकमधलं नाटक दिसलं, तिथे तिथे त्याच्या मुळाशी काहीतरी अडचण निघाली. हे माझं निरीक्षण, जाणकार याला कदाचित हसतील. पण मी त्यावर ठाम आहे.

'द हू' या बँडचा पीट टाउनशेंड भर मंचावर गिटार फोडायचा. याबद्दल मला फार राग होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. आमच्याकडे तंबोऱ्याला चुकून पाय लागला तरी हात जोडतात. फिल्ममध्ये तो गिटार जमिनीवर आपटतो तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पण सुरुवात कशी झाली ते वाचलं. १९६४ साली लंडनजवळच्या हॅरोमधल्या रेल्वे हॉटेलात कार्यक्रम होता. तिथलं छत बुटकं. हात उंच करताना गिटारची मान छतात घुसून मोडली. लोक हसायला लागले. टाउनशेंडनं उरलेली गिटार सगळ्यांसमोर फोडून टाकली, जणू हे असंच ठरलेलं होतं, आणि दुसरी उचलून वाजवायला लागला. पुढच्या वेळी लोक तेच बघायला आले.

तो ईलिंग आर्ट कॉलेजचा विद्यार्थी. तिथे गुस्टाव्ह मेट्झगर या कलावंताची व्याख्यानं त्यानं ऐकली होती. स्वतःचाच नाश करणारी कला, हा मेट्झगर यांचा विषय. युद्ध आणि अणुबॉम्ब यांच्या काळातली कला, तयार होता होता नष्ट होणारी. त्यामुळे छताला आपटलेल्या गिटारला त्याच्या डोक्यात आधीपासून एक जागा होती. हे समजल्यावर मी ते दृश्य पुन्हा बघितलं. वाद्याची विटंबना मला तरीही बघवली नाही. पण युद्धाच्या अखेरीस जन्मलेल्या, बॉम्बनं पडलेल्या घरांच्या जागी खेळलेल्या मुलांचा तो राग होता, एवढं मला मान्य करावं लागलं.

याच टाउनशेंडच्या मागोमाग मी एका अशा ठिकाणी जाऊन पोचले, जिथे रॉक मला भेटेल असं कधी वाटलं नसतं. १९६९ च्या मे महिन्यात 'द हू'ची 'टॉमी' आली. रॉक ऑपेरा हे बिरुद ज्या कलाकृतींमुळे रुजलं त्यांतली ही सगळ्यात गाजलेली. लहानपणी डोळ्यांदेखत झालेल्या हत्येच्या धक्क्यानं एक मुलगा आंधळा, बहिरा, मुका होतो. जग त्याला छळतं, मग त्याला गुरू करतं, मग झिडकारतं. या ध्वनिमुद्रिकेच्या श्रेयनामावलीत अवतार म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे. होय, आपल्या नगरचे मेहेरबाबा. जन्म पुण्याचा, १८९४ चा. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवला तोपर्यंत ते मोडलं नाही. आधी ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलायचे, नंतर फक्त हातांच्या खुणांनी. टाउनशेंडला त्यांच्याबद्दल सांगितलं माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्रानं, आणि 'टॉमी'चं वेष्टनही त्यानंच चितारलं. १९७१ सालच्या 'बाबा ओ'रायली' या प्रसिद्ध गाण्याच्या नावातले बाबा तेच. रायली म्हणजे टेरी रायली हे अमेरिकन संगीतकार.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, माझं जाणं होतंच. या वेळी मी अरणगावजवळच्या मेहेराबादला गेले. टेकडीवर समाधी आहे. छोटीशी घुमटाची वास्तू, वर चार धर्मांची चिन्हं, आत भिंतींवर हेलेन डाम या स्विस चित्रकर्तीनं काढलेली चित्रं. देशोदेशीचे लोक रांगेनं येत होते, कपाळ टेकवून बाहेर येऊन बसत होते. कुणी बोलत नव्हतं. मी तिथे बसून 'टॉमी'चा विचार करत होते. ज्या बँडच्या आवाजाची १९७६ मध्ये चार्लटनच्या मैदानावर ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल अशी नोंद होऊन तो गिनेस बुकात गेला, त्या बँडच्या गीतकाराला आपला गुरू या अबोल टेकडीवर सापडला. मुका, बहिरा, आंधळा टॉमी ओरडून ओरडून काय मागतोय? कुणीतरी मला बघा, मला स्पर्श करा, एवढंच. वर्षानुवर्षं एक शब्द न बोलता लोकांना जवळ घेणाऱ्या माणसाचा भक्तच हे लिहू शकतो, असं मला तिथे वाटलं. घरी येऊन मी वुडस्टॉक महोत्सवाची फिल्म काढून बघितली. १९६९ च्या ऑगस्टमधली ती पहाट. रात्रभर जागे असलेले लाखो लोक, आणि गाणं त्या मागण्यापाशी पोचतंय तोच उजाडायला लागतं. नेपथ्य नाही, वेश नाही, चौघं नुसते उभे राहून ऑपेरा वाजवतायत. गायक रॉजर डाल्ट्री झालरीचं जाकीट घालून मायक्रोफोन वायरीला धरून गोफणीसारखा फिरवतो, टाउनशेंड अख्खा हात चक्राकार फिरवून तारांवर उतरवतो. एवढंच त्यांचं नाटक, आणि तेवढं पुरतं.

ईलिंग आर्ट कॉलेजचाच दुसरा विद्यार्थी म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. मूळचा फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत राहून शिकलेला. तिथेच तो पियानो शिकला, आणि शाळासोबत्यांच्या 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये वाजवायचाही. पाचगणीला आपण सगळे जातो, स्ट्रॉबेरी खातो, टेबललँडवर घोड्यावर बसतो. त्या गावातल्या एका शाळेच्या वाद्यवृंदात पुढे जगाला वेड लावणारा हा मुलगा वाजवत होता, हे आपल्या बोलण्यात फारच कमी येतं.

फ्रेडीच्या 'क्वीन' या बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे मात्र मला पहिल्या ऐकण्यातच आवडलं. याचं कारण त्याच्यातला ऑपेरा. एकट्याचं आर्त गाणं, मग एकदम न्यायसभेसारखा गलका, आरोप, विनवण्या, वरच्या पट्टीतले आवाज खालच्या पट्टीतल्यांशी भांडतायत, आणि मग गिटारचा कडकडाट. १९७५ मध्ये स्टुडिओत फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनी आपलेच आवाज एकावर एक चढवत हा घोष उभा केला. थरांवर थर. आणि मग प्रश्न आला, की चौघांनी हे मंचावर गायचं कसं? अशक्य होतं. त्यांनी काय केलं असेल? त्या भागात मंचावर अंधार केला, चौघे निघून गेले, आणि ऑपेराची ध्वनिफीत वाजवली. कडकडाटाच्या क्षणी प्रकाश, धूर आणि चौघे परत हजर, बहुतेक वेळा नव्या कपड्यांत. गायकांनी लबाडी लपवली नाही. मंच रिकामा आहे हे दिसू दिलं, आणि त्या रिकाम्या मंचामुळेच पुढच्या प्रवेशाला धार आली. गाण्याची चित्रफीत तरी का काढली? दूरदर्शनच्या कार्यक्रमात हे गाणं उभं राहून सादर करणं जमण्यासारखं नव्हतं, हेही त्याचं एक कारण. पुन्हा अडचणच.

फ्रेडीच्या हातातला तो अर्धा दांडाही असाच आलेला. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात मायक्रोफोनचा स्टँड मधेच तुटला, तो तसाच घेऊन गात राहिला, आणि मग कायमचा तसाच ठेवला. तो दांडा त्याच्या हातात कधी राजदंड होतो, कधी गिटार, कधी तलवार. १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमातली क्वीनची वीसेक मिनिटं मी पुन्हा पुन्हा बघते. वेंब्ली मैदानावर संध्याकाळी, लख्ख उजेडात, प्रकाशयोजनेशिवाय, धुराशिवाय, साध्या बनियनवर हा माणूस सत्तर हजारांना आपल्या आलापीमागे गायला लावतो. सवाल-जबाब चालू आहेत आणि अख्खं मैदान त्याचा जबाब आहे. नाटकातली सगळी साधनं काढून घेतली तरी नट उरतो का, याची ती कसोटी होती. माझ्या मते त्या पिढीतला सगळ्यात मोठा रंगकर्मी तोच.

डेव्हिड बोवीच्या बाबतीत माझं मत इतकं स्पष्ट नाही. 'झिगी स्टारडस्ट' हे त्यानं निर्माण केलेलं पात्र: परग्रहाचा निरोप्या असलेला रॉकचा तारा, लाल केस, भुवया काढून टाकलेल्या. बोवी लिंडसे केम्प यांच्याकडे मूकनाट्य शिकला होता. त्याचे वेश कान्साई यामामोतो या जपानी कलावंतानं बनवले, काबुकीच्या पद्धतीचे, एका हिसक्यासरशी मंचावरच अंगावरून उतरणारे. ३ जुलै १९७३ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये शेवटचं गाणं सुरू होण्याआधी त्यानं जाहीर केलं की हा आमचा शेवटचा कार्यक्रम. ड्रमवाल्याला आणि बेसवाल्याला याची काहीच कल्पना नव्हती! डी. ए. पेनबेकर यांनी काढलेल्या फिल्ममध्ये प्रेक्षागृहातल्या रडणाऱ्या मुली दिसतात. लोकांना वाटलं बोवी संन्यास घेतोय. तो झिगीला मारत होता. पात्र नटाच्या अंगात घर करून बसलं होतं आणि त्याला हाकलण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसत नव्हता. हे धैर्य मोठं आहे हे मला पटतं. साथीदारांना भर मंचावर ते ऐकायला लावलं, हे पटत नाही. नाटक कंपनीत वाढलेल्या माणसाला ते कधीच पटणार नाही.

ॲलिस कूपर हा गायक आणि 'किस' हा बँड यांच्याबद्दल थोडक्यात सांगते. ॲलिस कूपर फासावर चढायचा, गिलोटिनखाली मान द्यायचा, गळ्यात जिवंत अजगर घेऊन गायचा. १९७३ च्या दौऱ्यातलं गिलोटिन जेम्स रँडी या नामांकित जादूगारानं रचलेलं, आणि तो स्वतः जल्लादही व्हायचा. जुन्या नाटकमंडळ्यांच्या ट्रिकसीनची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रकार लगेच कळेल. खलनायकाला शेवटी शिक्षा मिळते, मग तो पांढऱ्या सुटात परत येऊन गातो. मला ते सच्चं वाटलं. 'किस'चे चौघे रंगवलेल्या चेहऱ्यांनी आग ओकायचे, रक्त ओकायचे, उडायचे. कारागिरी पक्की आहे, पण चेहऱ्यावरचा रंग पुसला तर गाण्यात मला फारसं काही सापडलं नाही. भाच्याला हे मत मान्य नाही.

सगळ्यात जास्त मला गुंतवलं ते पिंक फ्लॉइड या बँडच्या 'द वॉल'नं. ६ जुलै १९७७ ला माँट्रियालच्या प्रचंड ऑलिंपिक स्टेडियममध्ये कार्यक्रम चालू असताना पुढच्या रांगांमध्ये आरडाओरडा चालला होता. रॉजर वॉटर्स इतका चिडला की तो एका श्रोत्यावर थुंकला. नंतर त्याला स्वतःचीच भीती वाटली. आपल्यात आणि समोर बसलेल्या माणसांमध्ये भिंत उभी राहिली आहे हे त्याला कळलं, आणि त्यानं ती भिंत खरोखर बांधायचं ठरवलं. वॉटर्स, ड्रमवाला निक मेसन आणि कीबोर्डवाला रिचर्ड राइट हे तिघंही रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुशास्त्र शिकायला गेलेले, हे मला नंतर कळलं आणि मग कशाचंच आश्चर्य वाटलं नाही.

१९८०-८१ मध्ये या नाटकाचे प्रयोग झाले फक्त ३१. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड, एवढ्याच गावी. कारण हे ओझं घेऊन हिंडणंच शक्य नव्हतं. मार्क फिशर आणि जोनाथन पार्क यांनी भिंतीची रचना केली, जेरल्ड स्कार्फ यांनी हलती चित्रं आणि मास्तर, आई, बायको यांचे अजस्र बाहुले काढले. प्रयोग सुरू होतो तेव्हा मंचावर चौघे असतात, लोक जल्लोष करतात, आणि मग कळतं की ते पिंक फ्लॉइड नव्हेतच, त्यांच्या चेहऱ्यांचे मुखवटे घातलेले दुसरे वादक आहेत. पुढे गाणी चालू असताना मंचावरचे कामगार पुठ्ठ्याच्या विटा रचत राहतात. वादक एकेक करून दिसेनासे होतात. पहिल्या अंकाच्या अखेरीस शेवटची वीट बसते. मध्यंतर. आणि दुसऱ्या अंकाचं पहिलं गाणं, 'हे यू', ते भिंतीच्या पलीकडून गातात. पैसे देऊन आलेल्या हजारो माणसांसमोर नुसती पांढरी भिंत. आत कुणीतरी हाक मारतंय आणि दिसत कुणीच नाही.

हे मी वॉटर्सच्या नंतरच्या, २०१० ते २०१३ च्या दौऱ्यावरच्या फिल्ममध्ये बघितलं. कोऱ्या भिंतीकडे बघताना माझा गळा दाटून आला. इतकी वर्षं मला वाटत होतं की रॉक म्हणजे अंगावर येणं. इथे तर गाणारा लपून बसला होता आणि लपल्यामुळेच पोचत होता. मग भिंतीच्या माथ्यावर गिटारवाला उगवतो. मूळ प्रयोगांत तो डेव्हिड गिलमोर होता. खाली अंधारात वॉटर्स, वर प्रकाशात गिलमोर, आणि 'कम्फर्टेबली नम्ब'मधला तो लांबलचक गिटारचा आलाप. ज्यांना ताना-पलट्यांची सवय आहे त्यांनी हा आलाप मुद्दाम ऐकावा. तो घाई करत नाही. स्वर धरतो, ओढतो, सोडायच्या आधी थांबतो. शेवटी भिंत कोसळते, आणि सगळे वादक पडलेल्या विटांच्या पुढ्यात साधी वाद्यं घेऊन येतात आणि हळू आवाजात एक छोटंसं गाणं म्हणून जातात. एवढ्या खर्चाच्या या खटाटोपात बँडला तोटा झाला. राइटला बँडमधून काढलेलं होतं आणि तो केवळ पगारी वादक म्हणून वाजवत होता, त्यामुळे चौघांत फायदा झाला तो त्याला एकट्यालाच.

अडचणीतून उगवलेलं नाटक कधीकधी गाण्यावर बसतं, हेही मला दिसलं. गॅब्रिएलनं १९७४-७५ मध्ये 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' ही अख्खी कथा जेनेसिसबरोबर गावोगाव केली. त्यात एका प्रवेशात तो गाठीगाठींनी सुजलेल्या प्राण्याचा वेश घालायचा. तो इतका अवजड होता की मायक्रोफोन धड तोंडाजवळ नेता येत नसे. बाकीचे चौघे जीव तोडून वाजवतायत आणि गायकाचे शब्दच लोकांना ऐकू येत नाहीत. दौरा संपला, गॅब्रिएल बाहेर पडला, ड्रमवाला फिल कॉलिन्स गायला लागला. नाटकमंडळीत अशा वेळी मॅनेजरनं वेश बदलायला लावला असता. बालगंधर्वांनीही कितीही भरजरी नेसलं तरी गळा मोकळाच ठेवला होता.

नव्यानं ऐकू पाहणाऱ्या, विशेषतः नाट्यसंगीत कानांत असलेल्या माझ्या वयाच्या बायका-पुरुषांना माझं सांगणं आहे की याद्यांच्या मागे लागू नका. शेपर्टनची फिल्म बघा, मग क्वीनची वेंब्लीवरची वीस मिनिटं, मग 'द वॉल'. सोबत घरातलं कुणीतरी तरुण बसवा, म्हणजे विचारता येतं. आणि बघून झालं की तेच पुन्हा दिवे मालवून नुसतं ऐका.

आणखी एक मागणं आहे, ते जाणकारांकडे. मुंबईच्या धोबीतलावला रंगभवनात उघड्यावर रॉकच्या रात्री रंगायच्या. २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स ब्रेबोर्नवर वाजवून गेले, २००७ च्या फेब्रुवारीत वॉटर्स वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर येऊन गेला. तिथे मराठी माणसं नक्की होती. गर्दीत होती, मंचामागे वायरी ओढत होती, दिवे लावत होती. त्यांनी काय बघितलं ते मला मराठीत वाचायचंय, आणि शोधूनही मला फारसं मिळालेलं नाही. तुमच्यापैकी जे तिथे होते त्यांनी ते लिहून काढावं.